मागे वळून पाहिले म्हणून

आमच्या गावाला देव राहिला, तो एका राजाने मागे वळून पाहिले म्हणून.

गोष्ट जुनी आहे आणि वऱ्हाडात ती पोराटोरांनाही ठाऊक आहे. एलिचपूरचा राजा श्रीपाल, कोणी त्याला एल राजा म्हणतात, कुष्ठरोगाने गांजला होता. रानातल्या एका पाणवठ्यावर त्याने हातपाय धुतले आणि त्याचे अंग निर्मळ झाले. त्या पाण्यात पार्श्वनाथाची मूर्ती आहे असा दृष्टांत झाला. कोवळ्या वासरांच्या गाडीत घालून मूर्ती न्यावी, मात्र वाटेत मागे वळून पाहू नये, अशी अट पडली. राजा निघाला. पण गाडी इतकी हलकी चालली होती की, मूर्ती गाडीत आहे की नाही अशी त्याला शंका आली. त्याने मान वळवली. गाडी पुढे निघून गेली आणि मूर्ती अधांतरी तिथेच राहिली. म्हणून तो अंतरिक्ष पार्श्वनाथ, आणि म्हणून आमचे गाव शिरपूर जैन. खानदेशातल्या शिरपूरशी घोटाळा होऊ नये म्हणून टपालवाल्यांनाही हे ‘जैन’ उपयोगी पडते. एके काळी मूर्तीखालून घोडेस्वार जात असे, असे सांगतात. आता पातळसे कापड सरकते, असे म्हणतात.

लहानपणी मी काकूला विचारी, “म्हणजे राजा चुकलाच ना?”

काकू चुलीपुढून म्हणे, “चुकला म्हनूनच त आपल्या गावाले देव भेटला, बावा.”

हे उत्तर मला पुरे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी उपयोगी पडले. कसे, ते सांगतो.

गेल्या दिवाळीला धाकट्या भावाचा अकोल्याहून फोन आला. फराळाची विचारपूस झाली आणि मग तो जरा थांबून म्हणाला, “दादा, वाड्याचं काय करायचं? एक लाकडाचा व्यापारी येऊन गेला. सोळा खांब, तुळ्या, दारवठ्याची चौकट, सगळं एकदम घेतो म्हणतो. मोठमोठ्या हॉटेलात लावतात म्हणे हल्ली असे खांब. होळीपर्यंत सांग. आणि दादा, मागं वळून पाहू नको आता. वाडा काही परत उभा राहत नाही.”

त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. वाडा म्हणजे काही शनवारवाडा नव्हे. आमच्या पणजोबांनी कापसाच्या चार बऱ्या सालांत बांधलेले ते घर. समोर दारवठा, दोन्ही अंगांना ढाळज, मध्ये चौक, चौकाभोवती सोळा सागवानी खांबांची ओसरी, मागे माजघर आणि भिंतीत धान्याचे बळद. वर लाकडाचे पाटण आणि पाटणावर पांढऱ्या मातीचा धाबा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर त्या घरापुढे सात नावे. सातांपैकी एकही जण तिथे राहात नाही. काकू होती तोवर देवळीतला दिवा लागत होता. ती गेली आणि तीन पावसाळ्यांत धाब्याला तीन ठिकाणी भगदाडे पडली.

आणि त्या वाड्याच्या पडझडीत माझा स्वतःचा एक हात होता. ते मी भावाला फोनवर सांगितले नाही. मलाही ते तेव्हा पुरते कळलेले नव्हते.

वाड्याचे वैभव मी सांगतो आहे ते खांबांमुळे नव्हे. त्या चौकात काय काय होई, त्यामुळे. गुरुवारी भजन बसे. उन्हाळ्यात सप्त्याचे कीर्तनकार उतरत आणि त्यांचा मृदंगवाला दुपारी आम्हा पोरांना बोल शिकवी. पोळ्याला बैल मिरवून आले की झडत्यांची चढाओढ आमच्याच दारवठ्यात लागे. ढाळजेत एक कपाट होते. त्यात पन्नास-साठ पुस्तके होती आणि ज्याला हवे त्याने ते न्यावे, एवढाच तिथला कायदा होता. घर आमचे होते, पण चौक गावाचा होता. पणजोबांनी असे कुठे लिहून ठेवले नव्हते. कुणी तसे विचारलेही नव्हते.

याच्या उलट गोष्ट मी त्याच गावात पाहिली. १९८१ साली मी तेरा वर्षांचा होतो. त्या वर्षी अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला कुलूप लागले. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांची त्या मूर्तीवर सारखीच श्रद्धा, आणि पूजेच्या रीतीवरून व व्यवस्थेवरून त्यांच्यातला वाद फार जुना. १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेण्यापर्यंत समजूत झाली होती. तरी वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि तिथला निकाल १९२९ साली लागला. पण भांडण काही मिटले नाही. शेवटी कुलूप. लांबलांबून आलेली माणसे एका लहानशा झरोक्यातून दर्शन घेत. मीही त्या झरोक्याला कितीदा डोळा लावला असेन! आत समईचा उजेड, काळ्या मूर्तीची एक कड आणि मागून पुढच्या माणसाची घाई. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये ते दार उघडले. बेचाळीस वर्षे! आमच्या पिढीची सगळी उमेदीची वर्षे त्या झरोक्यातच गेली. बरोबर कोण आणि चूक कोण हा माझा विषय नाही. माझी तेवढी पात्रताही नाही. माझ्या मनावर ठसले ते एवढेच की, ज्या वास्तूवर सगळ्यांचे प्रेम असते तीसुद्धा बंद राहू शकते. आणि बंद वास्तू, ती देवाची का असेना, गावाला आतून थोडी रिकामी करते.

तेव्हा भावाला मी म्हणालो, “होळीपर्यंत थांब. मी जरा हिंडून येतो.”

पौषात मी निघालो. शिरपूरहून एस. टी.ने मालेगाव, नाशिककडचे नव्हे, आमचे वाशिम जिल्ह्यातले. तिथून रात्रीची पुण्याची गाडी. मेहकर गेले, सिंदखेडराजा आले. गाडी चहाला थांबली तेव्हा थंडीने दातांवर दात वाजत होते. जिजाऊंचे माहेर ते हेच. लखुजी जाधवांच्या राजवाड्याचे दगडी प्रवेशद्वार अंधारात दिसत नव्हते, पण ते आहे या जाणिवेनेच बरे वाटले. शेजारी चहा पिणारा ड्रायव्हर म्हणाला, “काका, बारा जानेवारीला या. मुंगीला पाय ठेवायला जागा नसते.” मनात म्हटले, वर्षातून एक दिवस का होईना, माणसे येतात ना! माझ्या वाड्यात वर्षातून एक दिवस तरी कोण येते?

जालना, संभाजीनगर, अहिल्यानगर असे करीत सकाळी पुण्यात उतरलो. भाच्याकडे आंघोळ केली आणि विश्रामबागवाडा गाठला.

पुण्याचे लोक या वाड्यावरून रोज जातात आणि त्याच्याकडे पाहात नाहीत. तो पाहायला परगावचा माणूसच हवा. बाजीराव रस्त्यावरची ती गर्दी, ते हॉर्न, ती पुस्तकांची नि कपड्यांची दुकाने. आणि मध्येच लाकडी कोरीवकामाचा तो दर्शनी सज्जा एखाद्या घरंदाज आजीसारखा शांत बसलेला. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधविला. दोन लाख रुपये खर्च आला, असे सांगतात. शनवारवाड्यात त्याचे मन रमेना, म्हणून त्याने इथे मुक्काम केला. पण १८१८ साली पेशवाईच गेली आणि धनी बिठूरला गेला. विश्रामबागेत त्याला विश्रांती काही फार लाभली नाही.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. धनी गेला की वाडा मरतो, ही आपली समजूत. या वाड्याने ती खोटी ठरविली. तीनच वर्षांनी, १८२१ साली, इंग्रज सरकारने इथे संस्कृत पाठशाळा काढली. डेक्कन कॉलेज आपला वंश तिच्यापासून सांगते. १८७९ साली आग लागली आणि वाड्याचा मोठा भाग जळाला. त्याच वेळी बुधवारवाडाही जळाला. बुधवारवाडा गेला तो गेलाच. विश्रामबागेचा जळका भाग मात्र लोकांच्या वर्गणीने आणि नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. पुढे नगरपालिका स्वतःच इथे राहायला आली. १९५० साली तिची महानगरपालिका झाली तीही याच छपराखाली. शेजारी टपाल कचेरी. कारकून आले, फायली आल्या, पानाच्या पिचकाऱ्याही आल्या असतील. पुढे महापालिका नव्या इमारतीत गेली. मग कुठे लोकांना वाटू लागले की हा वाडा आहे, कचेरी नव्हे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याची दुरुस्ती झाली. पुण्याच्या इतिहासाचे प्रदर्शन, हस्तकलांची मांडणी असे उपक्रम इथे झाले.

मी गेलो त्या दिवशी चित्रकलेची मुले चौकात मांडी घालून बसली होती. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांच्या माथ्यावरची केळफुले, महिरपी; जो तो आपापला खांब कागदावर उतरवीत होता. एका मुलीचा खांब वाकडा आला होता. ती रबराने खोडत होती आणि हसत होती. मी तिथे बराच वेळ बसलो. दोनशे वर्षांपूर्वी ज्याच्यापुढे मान वर करायची छाती नव्हती, त्याच्या खांबाला एक पोरगी खुशाल वाकडा काढते आहे! मला वाटले, वाड्याचे याहून चांगले काय व्हावे?

एका कोपऱ्यात दुरुस्ती चालली होती. एक वयस्क सुतार खांबाच्या पायाशी उकिडवा बसला होता. खांब वरून टेकू देऊन धरला होता आणि खालचा हातभर कुजका भाग कापून तिथे नवे सागवान सांध्याने बसवायचे चालले होते. मी रेंगाळलो. वऱ्हाडातला आहे, घरी असाच वाडा आहे म्हटल्यावर तो बोलू लागला.

“लाकूड असं मरत नाही हो काका,” तो म्हणाला. “पाणी त्याला मारतं. वरचं पाणी दिसतं, त्याचं काही नाही. खालून भिंतीतून चढतं ते वाईट. खांबाचा पाय कुजला म्हणून लोक खांब विकतात. अहो, पाय तेवढा बदला की! तुमच्या भिंतींना गिलावा कशाचा?”

“सिमेंटचा,” मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. पटाशी खाली ठेवून त्याने माझ्याकडे नुसते पाहिले.

मग त्याने मला समजावून सांगितले, ते इथे लिहितो. कारण वाचकांपैकी कुणाकुणाच्या गावी अशीच भिंत असेल. जुनी भिंत माती-दगडाची किंवा चुन्यातल्या विटांची. जमिनीतली ओल तिच्यात चढतेच. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. उन्हाळ्यात भिंत कोरडी होते. सिमेंटचा गिलावा घट्ट असतो. ओल बाहेर यायची थांबते, ती आतल्या आत वर चढते आणि वाट फुटेल तिथे, म्हणजे भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला नि भिंतीला टेकलेल्या खांबाच्या पायाला, जाऊन बसते. वरून भिंत कशी गुळगुळीत नि पक्की दिसते! आत लाकूड भुसा होत असते. म्हणून इथे दुरुस्तीला चुनाच लागतो. कळीचा चुना भिजवायचा, पुष्कळ दिवस मुरवायचा, वाळूबरोबर घाणीत दळायचा. त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचे पाणी. कुठे बेलफळाचा गर, कुठे उडदाचे पाणी. “स्वैपाकच आहे तो,” सुतार म्हणाला. “घाई केली की बिघडला.”

सिमेंटचा तो गिलावा मी करून घेतला होता. २००५ साली मला बढती मिळाली तेव्हा गावी आपले काही नाव व्हावे म्हणून वाड्याच्या तीन भिंतींना मी सिमेंट चढविले आणि वर आकाशी रंग दिला. काकू नको म्हणत होती. “भित्तीले घाम येते, तो येऊ दे,” असे काहीतरी ती म्हणाली होती. आम्ही शिकली-सवरलेली मंडळी हसलो होतो. वाड्याला काळाने खाल्ले असे मी वीस वर्षे सगळ्यांना सांगत होतो. काळाने नव्हे, मी खाल्ले होते. विश्रामबागेच्या चौकात, त्या पोरांच्या देखत, माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी चष्मा पुसल्याचे सोंग केले.

त्या रात्री मला झोप लागेना, आणि का कोण जाणे, आठवण झाली ती एका विलायती वाड्याची. २०१८ साली मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा तिने मला डेव्हन परगण्यात नेले होते. टॉटनेस नावाचे चढणीवरचे टुमदार गाव, खाली डार्ट नदी, आणि जवळच डार्टिंग्टन हॉल. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रिचर्ड राजाच्या सावत्र भावाने बांधलेला दगडी वाडा. मधे भलेमोठे अंगण, एका बाजूला उंच छपराचे दिवाणखान्यासारखे दालन. चॅम्परनाउन घराण्याने तो साडेतीनशेहून अधिक वर्षे सांभाळला. पण शेवटी शेवटी त्या दालनाला छप्परसुद्धा उरले नव्हते.

१९२५ साली तो पडका वाडा लेनर्ड एल्महर्स्ट नावाच्या तरुणाने आणि त्याच्या श्रीमंत अमेरिकन पत्नीने, डोरोथीने, विकत घेतला. हा एल्महर्स्ट आपल्याला परका नाही. रवींद्रनाथांच्या सांगण्यावरून १९२२ साली श्रीनिकेतनचे ग्रामसुधारणेचे काम उभे करणारा तो हाच. खेडे आणि कला ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, हा धडा त्याने बंगालात गिरविला आणि तो विलायतेला नेला. विल्यम वेअर या वास्तुशिल्पज्ञाकडून त्याने दालनाला पुन्हा लाकडी छप्पर चढविले. तिथे शेती, लाकूडकाम, विणकाम चालले. नाटके, नाच, गाणे सुरू झाले. उदयशंकर आपला संच घेऊन १९३६ साली तिथे राहिले होते. त्यांच्या संगीताची बाजू सांभाळणारे विष्णुदास शिराळी हे तर आपल्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. पुढे अलमोड्याला उदयशंकरांनी कलाकेंद्र काढले त्याला एल्महर्स्ट दांपत्याने पैसा दिला. म्हणजे बंगालची कल्पना डेव्हनला गेली आणि डेव्हनचा पैसा हिमालयात आला. एका पडक्या वाड्याला छप्पर घातल्याने केवढा व्यवहार झाला पाहा!

सगळ्याच इंग्रजी वाड्यांचे असे भाग्य नाही. विसाव्या शतकात तिकडे हजाराहून अधिक वाडे पाडले गेले. वारसा-कर भरता येईना, नोकरमाणसे मिळेनात, छपरे गळू लागली. लोथियनसारख्या एखाद्या उमरावाने पुढाकार घेतला, कायदा झाला, नॅशनल ट्रस्ट या संस्थेने कित्येक वाडे पदरात घेतले, म्हणून तेवढे वाचले. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पाडलेल्या वाड्यांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा लोकांना कळले की आपले काय गेले. त्यांचे वाडे कराने मारले, आपले वाटणीने मारले जातात. सातांची नावे लागतात आणि झाडूला हात एकाचाही लागत नाही.

आणि वाचलेल्या वाड्यांनाही कायमचे वरदान नसते. डार्टिंग्टनला १९६१ पासून चाललेले कलेचे महाविद्यालय २०१० साली तिथून उठून दुसरीकडे गेले. आपल्याकडचे ताजे दुःख कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी बांधलेले आणि १९१५ पासून नांदते असलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री कोल्हापूरची माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. नाट्यगृह पुन्हा उभारण्याची मागणी राख निवायच्या आत झाली. इमारत जळाल्यावर माणसे रडतात, याचा अर्थ ती इमारत त्यांची होती. माझ्या वाड्याचा धाबा कोसळला तेव्हा कोण रडले? शेजाऱ्याने फोन करून सांगितले, “मातीचा ढीग बाजूला करा, साप निघतात.”

पुण्याहून परतलो तो सरळ शिरपूरला. गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावले. त्याच्या बापाने आमच्या धाब्याला माती चढविली होती. दोघांनी मिळून छिन्नी-हातोड्याने माझे आकाशी रंगाचे कर्तृत्व उतरवायला घेतले. गिलाव्याच्या पापुद्र्याआडून ओल्या मातीचा कोंदट वास आला. भिंतीने वीस वर्षांनी श्वास सोडला म्हणा ना! सगळे खांब पायाशी टोचून पाहिले. सोळांपैकी पाच पोकळ निघाले. अकरा खांब ठणठणीत. मिस्त्री त्यांच्यावर नखाने वाजवून पाहात होता आणि प्रत्येक वेळी म्हणत होता, “हा जित्ता हाय.”

होळीला भाऊ आला. मी त्याला सगळे सांगितले, सिमेंटचेही. तो बराच वेळ चौकात उभा राहिला.

“दादा, हे दुरुस्त करून राहणार कोण?” त्याने विचारले. प्रश्न खरा होता.

“राहायचं कुणालाच नाही,” मी म्हणालो. “पण इथं कोण राहात होतं म्हणून वाडा टिकला होता? चौकात लोक येत होते म्हणून टिकला होता.”

तो म्हणाला, “आणि उद्या भजनी मंडळ म्हणेल हे आमचं, वाचनालयवाले म्हणतील आमचं. आपल्या गावानं बेचाळीस वर्षं कुलूप पाहिलंय, दादा. आणखी एक पाहायचंय का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. पण आम्ही दोघांनी बसून एक कागद केला. घर सातांचेच राहील. चौक, ओसरी आणि ढाळज गावाच्या उपयोगाला. कुणाचाही वार कायमचा ठरलेला नाही. दर दिवाळीला पुन्हा बसून ठरवायचे. आणि दारवठ्याला कडी राहील, कुलूप राहणार नाही. पाच जणांच्या सह्या फोनवरून विचारून मग मिळाल्या. दोघे अजून विचार करताहेत. व्यापाऱ्याला भावानेच नकार कळविला. मी त्याला कळवायला सांगितले नव्हते.

चैत्र-वैशाखात पाच खांबांचे पाय बदलले. सुतार वाशिमचा मिळाला. धाब्याची तीन भगदाडे बुजवली, त्यावर पांढरी माती चढविली. भिंतीला चुना केला. पहिला घाणा बिघडला, दुसरा साधला. पैसे माझ्या निवृत्तीच्या ठेवीतले. मुलीने थोडे पाठविले आणि भावाने, बायकोला न सांगता, थोडे दिले. माजघर अजून तसेच पडके आहे. ते पुढच्या साली, नाही तर त्याच्या पुढच्या साली.

मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा मी मुद्दाम गावीच होतो. रात्रभर बॅटरी घेऊन छताकडे पाहात बसलो. एका ठिकाणी टपटप झाले. बाकी कोरडे.

पोळ्याला दारवठ्यात झडत्या रंगल्या. म्हाताऱ्यांना जुन्या आठवत होत्या आणि पोरांनी नव्या रचल्या होत्या. मोबाईलवर, सोयाबीनच्या भावावर, आमदारांवर. एका पोराने तर माझ्या आकाशी रंगाच्या गिलाव्यावरही एक टाकली. सगळा गाव हसला. मीही हसलो. भाऊ सगळ्यांत मोठ्याने हसला.

गुरुवारी आता भजन बसते. दहा-बाराच माणसे असतात. ढाळजेतल्या कपाटात अठ्ठावीस पुस्तके जमली आहेत, त्यांतली चार कुणी नेली ती परत आलेली नाहीत. हे शुभलक्षण आहे असे मी मानतो.

परवा गावाबाहेरच्या पवळीच्या मंदिराकडे फिरायला गेलो होतो. जुने, दगडी, हेमाडपंती वळणाचे ते देऊळ. हेन्री कझिन्स या संशोधकाने १९३१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याचा कोरीव दगड उजळला होता. परतताना वाटेत भावाचा फोन आला. या दिवाळीला तो मुलाबाळांसह शिरपूरलाच येणार आहे. म्हणाला, “देवळीत दिवा लावायला यंदा माझी बायको. वहिनींना सांग.”

फोन ठेवला आणि सहज मागे वळून पाहिले. देऊळ जागच्या जागी होते. मला काकूचे म्हणणे आठवले. राजाने वळून पाहिले ते चुकलेच असेल. पण तो सरळ निघून गेला असता, तर आमच्या गावात काय राहिले असते?